अन्शेल सुताराला मिळालेली सूट

सात दिवस घराचं दार उघडंच होतं. ब्लूमाच्या सुतकाचे सात दिवस. जिन्यावरून माणसं येत, अन्शेलसमोर बसत, दोन शब्द बोलून उठत. बायका आत स्वयंपाकघरात हिंदाकडे जात. कुणी उकडलेली अंडी आणली, कुणी मसूर. आरशांवर चादरी होत्या. सातव्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर लोक उठले. चादरी उतरल्या. उसनी आणलेली ठेंगणी स्टुलं खाली गेली. शेवटचा माणूस बाहेर पडताना सवयीने दार ओढून घेऊन गेला.

खटका पडल्याचा आवाज झाला.

हिंदा हातातलं फडकं टाकून धावली. तिने दार उघडलं आणि वळून पाहिलं. चाकाच्या खुर्चीतला अन्शेलही दाराकडेच बघत होता. जेरुसलेमच्या हिवाळ्यातला वारा जिन्यावरून सरळ आत आला.

"आता काय करायचं, मामंजी?"

"आधी शाल दे," अन्शेल म्हणाला. अर्धांगवायू झाल्यापासून त्याचं बोलणं तोंडाच्या एकाच बाजूने यायचं. "मग विचार करू."

हिंदा त्याची सून. त्यांच्या धर्माचा नियम असा, की परक्या बाई-पुरुषाने बंद दाराआड दोघंच राहायचं नाही. मुलीला बाप चालतो, आईला मुलगा चालतो, नातीला आजोबा चालतो. सुनेला सासरा चालत नाही. बंद दाराआड तो परका पुरुष. घरात सासू, म्हणजे ब्लूमा, होती तोवर हा प्रश्नच नव्हता. आता सासू नव्हती. त्या दोघांना एकमेकांशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि दोघांनी मिळून त्या घरात राहायचं तर दार लावता येणार नव्हतं.

शाये हा अन्शेल आणि ब्लूमाचा एकुलता एक मुलगा. लग्नाला पुरती चार वर्षंही झाली नव्हती तेव्हा तो रक्ताच्या आजाराने गेला. मूलबाळ नव्हतं. हिंदाचे वडील तिला न्यायला तिबेरियाहून आले होते. तिने बॅग भरली. निघताना ब्लूमाने वाटेत खायला म्हणून कुगेल, किसलेल्या बटाट्याची भाजलेली वडी, बांधून दिलं. हिंदाने तो डबा हातात घेतला, तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले. का राहिलीस, असं तिला पुढे कितीजणींनी विचारलं. तिला कधी नीट सांगता आलं नाही. शाये लहानपणी कसा झोपायचा, हे ठाऊक असलेली माणसं त्या घरात होती. बाहेर कुठे नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट तिथे न बोलता पाळली गेली. ब्लूमाने बाजाराची पिशवी उचलली की अन्शेल टोपी उचलायचा. ती मासे घ्यायला गेली की हा खाली गल्लीत जाऊन उभा राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी काहीबाही बोलायचा, ती परत आली की तिच्या मागोमाग जिना चढायचा. पाऊस असला तरी. हिंदाला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. आपल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घराबाहेर पडावं लागतं. एकदा ती ब्लूमाला तसं म्हणाली.

"तुझ्यामुळे कशाला?" ब्लूमा म्हणाली. "त्याला गप्पा मारायला निमित्त हवंच असतं. मी बाजारात गेले नाही तर तोच मला विचारतो, घरातले कांदे संपले का."

मग हिंदाला सवय झाली. पुढे तर तो भिजून वर आला की तिला त्यात मान वाटायचा. कुणीतरी आपल्यासाठी पावसात उभं राहतं. शाये गेल्यानंतर जगात दुसरं कुणी तिच्यासाठी असं काही करत नव्हतं.

अन्शेलचा धंदाही त्यातलाच. तो दारांचा सुतार. पण नवी दारं करणारे पुष्कळ होते. अन्शेलकडे लोक यायचे ते दाराला काच बसवून घ्यायला. मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापक, डॉक्टर, दंतवैद्य, वकील. ज्याला ज्याला बंद खोलीत बाईमाणसाशी बोलावं लागतं, तो अन्शेलला बोलावायचा. अन्शेल दार बिजागऱ्यांवरून उतरवायचा, मधोमध चौकोन कापायचा, काच बसवायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला आतलं दिसावं, पण आतलं बोलणं ऐकू येऊ नये. काच किती मोठी, किती उंचीवर, यावर तो गिऱ्हाइकांशी तासन्‌तास हुज्जत घालायचा.

एकदा एका दंतवैद्याने त्याला विचारलं होतं, "रेब अन्शेल, मी सहा मुलांचा बाप. लोकांना माझा संशय येतो की काय?"

"संशय आला असता तर लोक तुमच्याकडे दात दाखवायला आलेच नसते," अन्शेल म्हणाला. "ही काच तुमच्यावर कधी कुणाला संशय घ्यावा लागू नये म्हणून आहे. हलवू नका शिडी."

ही गोष्ट तो जेवताना सांगायचा. मग एकदा सुरू झाला की थांबायचा नाही.

"दाविद राजाच्या घरात काय झालं? राजाच्याच मुलाने आपल्या सावत्र बहिणीला आजाराचं निमित्त करून खोलीत बोलावलं. राजाचं घर! त्याआधी लग्न झालेल्या बाईपुरताच हा नियम होता. त्या दिवसानंतर शहाणी माणसं बसली आणि म्हणाली, आता सगळ्यांना. माणूस बघून नियम करायचा नाही. कारण ज्याला त्याला वाटतं, दुसरे तसे असतील, मी तसा नाही. म्हणून विचारायचंच नाही कुणाला, बाबा तू कसा आहेस. रब्बी असो, पाव विकणारा असो. दार उघडं ठेव, बस. कुणाचा अपमान नाही."

"सूप गार होतंय," ब्लूमा म्हणायची. "सूपही माणूस बघून गार होत नसतं. सगळ्यांचं सारखंच."

हिंदा हसायची. तिला हे सगळं पटायचं असं नाही. कधी कधी तिला वाटे, जगात इतकी दारं आणि त्यातलं एकही आपल्याला ओढून घेता येत नाही. पण अन्शेल बोलत असताना तिला ते पटल्यासारखं व्हायचं. तो नियमाबद्दल असा बोलायचा की जणू नियम हा गल्लीतलाच एक जुना, थोडा चक्रम, पण सज्जन शेजारी आहे.

*

गल्लीतले धर्मगुरू रब्बी एल्खोनोन यांनी पहिली व्यवस्था लावून दिली. दिवसा दाराला आतून कडी लावायची नाही. एक किल्ली समोरच्या मीरलकडे द्यायची. तिने कधीही, न सांगता, आत यायचं. रात्री हिंदाने मीरलकडे झोपायचं, अन्शेलच्या डाव्या हाताशी एक घंटी ठेवायची. सकाळी हिंदा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाई, तेव्हा धर्मादाय मंडळाचा पिन्यो येऊन अन्शेलला आंघोळ घाली, कपडे बदली. दुपारी ती परत येई आणि मग संध्याकाळपर्यंत तोच प्रश्न.

"पूर्णवेळ माणूस ठेवा की," पिन्यो म्हणाला होता. "माझा मेहुणा मोकळा आहे."

"म्हणजे घरात दोन पुरुष आणि माझी सून एकटी," अन्शेल म्हणाला. "तू आंघोळ घाल, पिन्यो. डोकं फक्त धू, वापरू नको."

मीरल विधवा होती, मोठ्या आवाजाची, मनाने चांगली. किल्ली तिने लोकरीच्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

"हे बघा रेब अन्शेल, रब्बींनी मला बजावलंय, टकटक करायची नाही. टकटक केली तर अर्थ काय राहिला? मी कधीही येणार. तुम्ही समजायचं, वारा आला."

"वारा भांड्यांवरची झाकणं उचलत नाही, मीरलबाई."

"मीठ कमी असतं हिच्या हातचं. कुणीतरी सांगायला नको?"

सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. हिंदा अन्शेलला चमच्याने भरवत असे, तेवढ्यात मीरल येई, खुर्ची ओढून बसे, बोलत राही, जाई. पुन्हा येई. अन्शेल म्हणे, ब्लूमा आयुष्यात इतक्या वेळा या खोलीत आली नव्हती. पण थंडी वाढली. दार नीट बंद होत नसे, कारण मीरलला किल्ली फिरवायचा कंटाळा, म्हणून ती ते नुसतं लोटून ठेवायला सांगे. जिन्यावरचा गारठा आत येई. अन्शेलचा खोकला जाईना. रात्री घंटी वाजली की हिंदा आणि मीरल दोघींना उठून यावं लागे. मीरल कुरकुर करत नसे. पण दुसऱ्या दिवशी आपण किती वेळा उठलो हे जिन्यावर सगळ्यांना सांगे.

एका दुपारी हिंदा स्वयंपाकघरात होती. अन्शेलने लघवीची बाटली मागितली होती. ती त्याच्या हाताशी ठेवून ती आत गेली होती आणि स्वयंपाकघराचं दार लोटून पाठ करून उभी होती. हे तिचं आणि त्याचं ठरलेलं होतं. डाव्या हाताने त्याला वेळ लागे. ती तोवर नळ सोडून ठेवी.

नळाच्या आवाजात तिला बाहेरचं ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते मीरलचं "अगंबाई". ती धावत आली. मीरल एकटी नव्हती. हैफाहून आलेली भावजय तिच्याबरोबर होती. मीरल तिला आपली ही किल्लीची कामगिरी दाखवायला घेऊन आली होती. बाटली खाली पडली होती. अन्शेल डाव्या हाताने मांडीवर शाल ओढत होता आणि शाल चाकात अडकली होती.

"काही नाही, काही नाही," मीरल म्हणाली, आणि तिने खरोखरच प्रेमाने ती शाल सोडवून त्याच्या अंगावर टाकली. "आमची काय लाज, रेब अन्शेल. आम्हाला तुम्ही तान्ह्या बाळासारखे."

भावजय जिन्यात जाऊन उभी राहिली होती.

हिंदाने फरशी पुसली. अन्शेल भिंतीकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी त्याने जेवण नको म्हटलं. हिंदाने फार आग्रह केला नाही. ती मीरलच्या घरी जाऊन पडली तेव्हा तिचा निश्चय झाला होता. ही किल्ली बंद करायची. या माणसाला पुन्हा कुणी असं बघता कामा नये.

*

रब्बी एल्खोनोन पुस्तकांनी भरलेल्या खोलीत बसले होते. मधलं दार उघडं होतं आणि पलीकडे त्यांची बायको इस्त्री करत होती. हिंदा दाराजवळच्या खुर्चीवर बसली. तिने थंडीचं सांगितलं. खोकल्याचं सांगितलं. बाटलीचं तिला सांगता येईना, तेव्हा ती म्हणाली, "त्यांची अब्रू जाते, रब्बी."

"दुसरं कुणी राहायला येऊ शकेल? तुझी बहीण?"

"तिला नऊ मुलं आहेत."

हिंदाला वाटलं, आता ते नाही म्हणणार. तिथेच तिच्या तोंडून ते वाक्य गेलं. ती ते ठरवून आली नव्हती.

"रब्बी, ते आता पुरुष कुठे राहिलेत? ते लाकूड झालेत. बाळ झालेत."

पलीकडे इस्त्री थांबली.

रब्बींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले. तिला उत्तरं देववेनात, तेव्हा त्यांची बायको येऊन तिच्याशेजारी बसली आणि हिंदाने तिच्या कानात सांगितलं. मग रब्बींनी डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी एक पुस्तक काढलं, उघडलं, पण वाचलं नाही.

"अशा माणसाला या नियमात धरायचं की नाही, यावर मतं वेगवेगळी आहेत," ते म्हणाले. "काही जण म्हणतात धरायचं. तुझी गरज मोठी आहे. त्यांची त्याहून मोठी. मी धरत नाही. किल्ली परत घे. रात्री आपल्या घरात झोप. दार लावून घ्या, थंडी आहे."

हिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली.

"हिंदा," रब्बी म्हणाले. "त्यांना सांगताना जपून सांग."

ती हो म्हणाली. पण तिने ऐकलं होतं ते एवढंच, की दार लावून घ्या.

*

ती जवळजवळ पळत घरी आली. वाटेत तिने मीरलकडून किल्ली घेतली. मीरलने ती गळ्यातून काढली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, तुझंही सुटलं, माझंही." हिंदा आत गेली. तिने दार लावलं. मग किल्ली फिरवली. ब्लूमा गेल्यापासून पहिल्यांदा खोली गप्प झाली. हीटरची घरघर ऐकू येऊ लागली.

"हे काय करतेस?" अन्शेल म्हणाला.

"रब्बींनी परवानगी दिली. आता मीरल नाही. किल्ली नाही. मी इथेच झोपणार. तुमचा खोकला चार दिवसांत पळतो की नाही बघा."

"पूर्ण परवानगी?"

"पूर्ण."

"कशावर दिली?"

"दिली. तुम्ही आजारी आहात म्हणून."

"आजाऱ्याला सूट नाही. ताप आलेल्याला नाही, पाय मोडलेल्याला नाही. मी चाळीस वर्षं या विषयावर रब्बींशी भांडत आलोय. कारण सांग."

हिंदा स्टोव्हकडे वळली. तिला हसू आलं. ते आनंदाचं होतं, आणि लाजेचंही, आणि थंडीतून धावत आल्याचंही. "अहो मामंजी," ती म्हणाली, "तुम्हाला साधा चमचा धरता येत नाही. तुमची कसली आलीय भीती?"

तिने सूप गरम केलं. वाटीत काढलं. वळली.

अन्शेल दाराकडे बघत होता.

"दार उघड," तो म्हणाला.

"पण रब्बींनीच—"

"रब्बींनी तुला परवानगी दिली. मला आज्ञा नाही दिली. दार उघड, हिंदा."

तिने दार उघडलं. गारठा आत आला. तिच्या हातून त्याने सूप घेतलं नाही; तिने वाटी पुढ्यात ठेवली. तो डाव्या हाताने चमचा उचलू लागला. चमचा वाटीत पडला. त्याने पुन्हा उचलला. तिने मदत करायला हात पुढे केला तेव्हा त्याने मान हलवली, आणि ती तशीच उभी राहून बघत राहिली. शाल भिजली. अर्धं सूप खाली सांडलं. मग त्याने चमचा ठेवला.

त्या रात्री ती मीरलकडेच झोपली. मीरलने विचारलं, "आता काय झालं?" हिंदाने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

पुढचे काही दिवस अन्शेल तिच्याशी फार गोड वागला. तेच तिला भयंकर वाटलं. तो तिला थट्टेने बोलेना. मिठावरून टोमणा मारेना. तिने भरवलं तर तोंड उघडी, पुरे म्हणे. दार उघडं असे. तिला नंतर पिन्योकडून कळलं, की त्याने पिन्योला वृद्धाश्रमात चौकशी करायला सांगितलं आहे आणि एक खाट मोकळी आहे.

शब्बाथच्या, शनिवारच्या दुपारी, चोलंटचं जेवण संपल्यावर, ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"मी चुकले," ती म्हणाली. "मी तोंडाला येईल ते बोलले. मी रब्बींकडे जाते, सांगते परवानगी नको. मीरलला किल्ली देते. पहिल्यासारखं करू."

"पहिल्यासारखं नाही होत."

"का नाही होत?"

"आता किल्ली दिली तर ते नाटक. मीरलला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. जिन्यावर सगळ्यांना ठाऊक आहे की या माणसासाठी किल्ली लागत नाही."

"रब्बींचं चुकलं, मामंजी."

"नाही." तो थांबला. तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ त्याने बाहीने पुसली. "रब्बींचं बरोबर आहे. त्यांचं चुकलं असतं तर मी भांडलो असतो. आठवडाभर मी मनातल्या मनात भांडून पाहिलं. त्यांचं बरोबर आहे."

हिंदा टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागली.

"मी लोकांना सांगायचो, हा नियम कुणाचा अपमान करत नाही. सगळ्यांना सारखा आहे. मला वाटायचं, मी नियमाबद्दल बोलतोय. मी तर माझ्याबद्दलच बोलत होतो. नियम म्हणतो, हा माणूस जिवंत आहे. याचा भरवसा देता येत नाही, कारण हा जिवंत आहे. रब्बीचाही नाही, सुताराचाही नाही. मी पावसात खाली उभा राहायचो. कशासाठी? माझ्या मनात काही होतं म्हणून? देव साक्षी आहे, तू मला शायेची बायको आहेस. पण मी उभा राहायचो, कारण मी उभा राहायला हवा असा माणूस होतो."

"आणि आताही आहात."

"आता तू दार लावलंस आणि हसलीस."

हिंदाने पदरासारखा डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. ती रडत होती. तो तिला रडू नको म्हणाला नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रश्नच नव्हता. तो तसाच बसून राहिला, उघड्या दाराकडे तोंड करून.

"मी इथे राहिलो तर रोज त्या दाराकडे बघणार," तो शेवटी म्हणाला. "उघडं असलं तर खोटं. लावलं तर खरं. मला दोन्ही नको. तू तिबेरियाला जा. किंवा लग्न कर. तुला सांगायला हवं होतं आम्ही, फार आधी. ब्लूमा सांगू देत नव्हती. मीही मनापासून सांगत नव्हतो."

*

त्याला न्यायला पिन्यो आणि त्याचा तो मोकळा मेहुणा आले. खुर्चीसकट उचलून त्यांनी त्याला जिना उतरवला. प्रत्येक वळणावर मेहुणा "सांभाळ, सांभाळ" म्हणत होता. मीरल दारात उभी राहून रडत होती. "माझं काही चुकलं का हो, रेब अन्शेल?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि तो दरवेळी "नाही, मीरलबाई" म्हणत होता. हिंदाने त्याची बॅग भरली होती. प्रार्थनेची शाल, औषधं, दोन लोकरी बंड्या. तो सांगेल म्हणून तिने वाट पाहिली, पण हत्यारांच्या पेटीबद्दल त्याने विचारलं नाही.

वृद्धाश्रम शहराच्या कडेला होता. तिथे खोलीत दोन खाटा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर कुणालातरी "आई" म्हणून हाक मारायचा. सेवेला मुली होत्या, चटपटीत, हसऱ्या. येता-जाता चादरी बदलायच्या, अंग पुसायच्या, एकमेकींशी लग्नातल्या कपड्यांबद्दल बोलायच्या. पुरुष सेवक नाहीत का, असं हिंदाने पहिल्याच दिवशी कार्यालयात विचारलं. एक होता, तो सुट्टीवर होता. "बाई, या वयाला आम्ही असा फरक करत नाही," कार्यालयातला माणूस म्हणाला. तो दाढीवाला, नियम पाळणारा माणूस होता. त्याच्या स्वतःच्या खोलीचं दार उघडं होतं.

ती रब्बी एल्खोनोन यांच्याकडेही पुन्हा गेली. मी तुमच्याकडे येऊन जे बोलले ते मागे घेते, असं तिने सांगितलं. रब्बींनी बराच वेळ दाढीत बोटं घातली. "बोललेलं मागे घेता येतं," ते म्हणाले. "पण तू खोटं बोलली नव्हतीस." मग ते म्हणाले, की मी स्वतः जाऊन त्यांना भेटेन. ते गेलेही. अन्शेलने त्यांचं हसून स्वागत केलं आणि वृद्धाश्रमाच्या जेवणाबद्दल बोलत राहिला, असं रब्बींनी तिला नंतर सांगितलं. रब्बींचा आवाज ते सांगताना नेहमीसारखा नव्हता.

हिंदा दर शुक्रवारी कुगेल घेऊन जायची. तो खायचा. कुणीही भरवलं तरी खायचा. अंग पुसायला मुली आल्या की हात वर करायचा, सांगतील त्या कुशीवर वळायचा. तिच्यासमोर एकदा एका मुलीने पडदा न ओढताच त्याच्या बंडीची बटणं काढायला सुरुवात केली. हिंदाने उठून पडदा ओढला. मुलगी पलीकडून म्हणाली, "अहो, यांना काही वाटत नाही. आमचा सगळ्यांत शहाणा मुलगा आहे हा." पलीकडून अन्शेलचा आवाज आला नाही.

हिवाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. शेजारच्या म्हाताऱ्याला तपासणीला खाली नेलं होतं. हिंदा खाटेजवळ बसली होती आणि तिबेरियाचं पत्र आलंय, वडिलांचे गुडघे दुखतात, असं काहीबाही सांगत होती. व्हरांड्यात वारा सुटला. जाता जाता एका मुलीने बाहेरून दार ओढून घेतलं. जाड, सलग लाकडाचं दार होतं.

हिंदा बोलायची थांबली. आत ती आणि अन्शेल दोघंच होती.

ती घाईने उठली. खुर्ची मागे पडली. ती दारापर्यंत पोचली आणि तिने मुठीला हात घातला, आणि त्याच क्षणी, मागे न बघता, ती वाट बघू लागली. तो म्हणेल. दार उघड, हिंदा, असं म्हणेल. रागावून म्हणाला तरी चालेल. ती मुठीवर हात ठेवून उभी राहिली.

"राहू दे," अन्शेल म्हणाला. "थंडी आहे."

तिने वळून पाहिलं. तो छताकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. उशीवर कुगेलचा एक कण पडला होता.

तिने दार उघडलं. पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत, आणि पडलेली खुर्ची उचलून उंबऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत ठेवून तिच्यावर बसली. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुलीने विचारलं, "इथे का बसलात, बाई? आत बसा की."

"इथेच बरं आहे," हिंदा म्हणाली.

वारा तिच्या पाठीवरून आत जात होता. ती आतून काही ऐकू येतंय का म्हणून कान देऊन बसली. अन्शेल खोकला. मग त्याने डाव्या हाताने पांघरूण वर ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.